शेवटच्या स्टॉपचं पाणी

माझ्या रागापायी आजवर माझं बरंच नुकसान झालंय. दोन मैत्रिणी गेल्या, एक चांगला शिंपी गेला आणि एक मोबाइल भिंतीवर जाऊन फुटला. पण मागच्या उन्हाळ्यात त्याच रागापायी माझ्या सासूबाईच घरातून जायच्या बेतात होत्या, आणि तेही शेजाऱ्याच्या पाण्यावरून.

आमची गल्ली धाराशिवात, येडशीच्या रस्त्याच्या अंगाला. एका बाजूला ओळीनं पाच घरं, दुसऱ्या बाजूला एका डॉक्टरांचा रिकामा प्लॉट, त्यात बाभळी. नळाला पाणी आठवड्यानं येतं, म्हणून घरं बांधताना पाचही जणांनी मिळून एक बोअर घेतला. तो नेमका आमच्या फाटकासमोर लागला. त्यामुळे मोटरचा स्टार्टर आमच्या भिंतीवर पत्र्याच्या पेटीत आला आणि पाच घरांचे पाच कॉक आमच्या फाटकापुढच्या खड्ड्यात, शहाबादी फरशीखाली गेले. रोज सकाळी सहाला मी मोटर चालू करते आणि एकेक कॉक उघडून एकेका घराला वीस-वीस मिनिटं पाणी देते. गावाकडे सामाईक विहिरीवर बारी लागते ना, तसंच. पाचही घरं खेड्यातून आलेली, त्यामुळे बारी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. कुठला कागद कधी आला, कुणाकडे गेला, कुणाच्या टेबलावर अडकला, हे मला पाठ असतं. त्यामुळे बोअरचा कारभार माझ्याकडे आला तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. माझ्या नवऱ्याला तर बरंच वाटलं. ते शाळेत शिक्षक आहेत आणि भांडण दिसलं की त्यांना एकदम वह्या तपासायची आठवण होते.

पाचवं घर, म्हणजे गल्लीतलं शेवटचं, एका रिटायर्ड एसटी कंडक्टरचं. घरात ते, काकू आणि दोन शेळ्या. दोन्ही पोरं पुण्याला. काका मेंढरं राखणाऱ्या घरातले. नोकरी संपल्यावर त्यांना जनावराशिवाय करमेना, म्हणून शेळ्या पाळल्या. माणूस स्वच्छ, टापटिपीचा, आवाज खणखणीत. निवृत्तीनंतरही बोलायची सवय मात्र बसमधलीच राहिली. पाहुणे निघाले की 'चला, पुढं सरका' म्हणायचे.

मार्च महिन्यात मोटर जळाली. पाइप वर काढणारी माणसं आली, मोटरची कॉइल नव्यानं भरून आणली, मोटर पुन्हा खाली सोडली. खर्चाचे पाच भाग केले. चार घरांनी दोन दिवसांत आपापला भाग आणून दिला. पाचव्या घरी मी स्वतः गेले.

"ताई, आमाला पूर्ण तिकीट कसं काय लावताव?" काका म्हणाले. "आमी दोघंच माणसं. तुमच्या घरात पोरं धरून पाच."

"काका, मोटर माणसं मोजून जळत नाही."

"आन् शेवटच्या घराला पाणी किती येतं ते बघा. पाइपात जोर ऱ्हातच न्हाय."

"शेवटच्या स्टॉपचं तिकीट जास्त असतं ना काका? लांबचा प्रवास."

हे त्यांना लागलं. ते म्हणाले, "बायांना सरकारनं निम्मं तिकीट केलंय. म्हणजे आमच्या घरात दीड माणूस."

"आणि दोन शेळ्या. त्यांचं लगेज लागतं."

काकू आतून हसल्या. त्यांनी हसायला नको होतं. काकांचा चेहरा उतरला आणि ते म्हणाले, "मग न्हाय देत जावा. काय करायचं ते करा."

शहाण्या बाईनं तिथेच विषय सोडून दोन दिवसांनी पुन्हा चहाला जायला हवं होतं. मी नोटीस काढली. 'विषय: सामाईक बोअरच्या दुरुस्तीखर्चाचा हिस्सा अदा करणेबाबत.' खाली 'उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की' वगैरे सगळं यथासांग, वर जावक क्रमांक. आमच्या घराला जावक क्रमांक नसतो, तो मी दिला. एक. दुसऱ्या दिवशी नोटीस आमच्या फाटकाला अडकवलेली सापडली. काही लिहिलेलं नव्हतं, फक्त कोपऱ्यात एक गोल भोक होतं. काकांनी जुना तिकिटाचा पंच अजून जपून ठेवलाय हे मला तेव्हा कळलं. खरं तर ही गंमत होती आणि मी हसायला हवं होतं. मी क्रमांक दोनची नोटीस काढली. तिलाही भोक पडून आलं. मग मी कॉक बंद केला.

तसं जाहीरच केलं. जेवताना सगळ्यांना सांगितलं, की उद्यापासून शेवटच्या घराची बारी बंद, हिस्सा येईपर्यंत. नवरा म्हणाला, "जाऊ दे ना." हे ते कुठल्याही विषयावर म्हणतात. सासूबाई भाकरी कुस्करत होत्या. त्या म्हणाल्या, "शेळ्या हायत त्याच्या."

"मग शेळ्यांनी वर्गणी काढावी," मी म्हणाले.

सासूबाई पुन्हा भाकरी कुस्करायला लागल्या. मला वाटलं, पटलं.

सासूबाईंबद्दल सांगायला हवं. बेंबळीचं घर सोडून आमच्याकडे राहायला याव्यात म्हणून मी दोन वर्षं त्यांच्या मागे लागले होते. नवऱ्यापेक्षा मीच. लोकांना वाटतं की सून सासूला कर्तव्य म्हणून आणते. माझं तसं नव्हतं. माझी आई मी शाळेत असतानाच गेली. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला धड भाकरी थापता येत नव्हती आणि राग मात्र भरपूर येत होता. सासूबाईंनी भाकरी शिकवली आणि रागाचं काही होण्यासारखं नाही म्हणून तो तसाच ठेवून घेतला. त्या घरात असल्या की मला ऑफिसातून घरी यावंसं वाटतं. त्या यायला तयार झाल्या तेव्हा एकच पिशवी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "करमलं तर ऱ्हाईन. न्हाय तर गाडी हायच." ती पिशवी त्यांनी कपाटावर ठेवली होती, आणि ती तिथे आहे ना हे मी येता-जाता बघायचे.

कॉक बंद केल्याला चार दिवस झाले. संध्याकाळी ऑफिसातून येताना मी मुद्दाम शेवटच्या घरापर्यंत चक्कर मारली. अंगणात सडा. तुळस निथळतीये. शेळ्यांची पाण्याची पाटी काठोकाठ भरलेली आणि काकू दारात बसून खुशाल लसूण सोलतायत. मी खड्ड्यावरची फरशी उचलून पाहिलं. कॉक घट्ट बंद. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली आतल्या खोलीत, तसबिरीमागच्या खिळ्याला अडकवली. सासूबाई बघत होत्या. मी त्यांना बजावलं सुद्धा, "आत्या, मी नसताना पेटीकडे कुणी आलं तर लक्ष ठेवा."

"व्हय," त्या म्हणाल्या. "म्या असतेच की घरी."

तरीही पाटी भरलेलीच. शेळ्या माझ्याकडे बघून रवंथ करायच्या. आता मला रात्रंदिवस एकच ध्यास. माझी खात्री झाली, की या माणसानं डुप्लिकेट किल्ली केलीये आणि आम्ही सगळे कामाला गेलो की तो मोटर चालू करतो.

रविवारी सकाळी सासूबाई विहारात वंदनेला गेल्या होत्या. बाकी सगळी गल्ली घरी. काका शेळ्यांना पाला आणायला निघाले आणि मी त्यांना बोअरपाशीच गाठलं. आवाज चढवायची मला गरज पडत नाही, तो चढलेलाच असतो. आजूबाजूच्या बायका बाहेर आल्या. मी म्हणाले, "काका, किल्ली कुठून करून घेतली?"

"कसली किल्ली?"

"पेटीची. तुमच्या घरी पाणी कुठून येतं? जन्मभर बसमध्ये फुकट्यांना पकडलंत, आणि आता स्वतः चोरून पाणी भरताय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग आमच्या घराच्या दाराकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले आणि पाला न आणताच परत घरात गेले. बायका आपापल्या पायांकडे बघत उभ्या होत्या. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला.

सासूबाई अकराला आल्या. मी पोळ्या लाटता लाटता त्यांना सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. त्या चपला काढून ओट्यापाशी आल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "किल्ली म्या घेत व्हते."

मला आधी कळलंच नाही.

"तू हापिसाला गेलीस की रोज म्या मोटर चालू करती, त्याचा कॉक खोलती. वीस मिनिटं. मग बंद करून फरशी टाकती. सगळ्या बायांना म्हाईत हाय. फरशी जड हाय, ती बाजूची पोर लावू लागती."

म्हणजे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. आवक-जावक बघणारी मी एकटी सोडून.

मला लाज वाटायला हवी होती. ती नंतर वाटली. आधी राग आला. मी लाटणं आपटलं. म्हणाले, "मी इथे सगळ्यांसाठी वाईटपणा घ्यायचा आणि तुम्ही मागून मलाच खोटं पाडायचं?"

त्या शांतपणे म्हणाल्या, "पैशासाठी भांड. त्याच्या दारात जाऊन भांड, म्या तुझ्यासंगं येती. पाणी तोडायचं न्हाय." मग खाली बसल्या आणि सांगू लागल्या. "आमी ल्हान व्हतो तवा हिरीला हात लावायचा न्हाय. काठापासनं लांब घागर ठिवून बसायचं. कुणी तरी येईल, वरनं वतंल. येणारा आपल्या सवडीनं येनार. कधी दुपार व्हायची. माझी आय उन्हात बसायची आन् म्या तिच्या सावलीत. आता किल्ली आपल्या हातात हाय, तर आपुन दुसऱ्याला घागर घिवून बसवायचं? माझ्या घरातनं हे व्हनार न्हाय."

इतकं ऐकून कुणाचाही आवाज खाली आला असता. माझा राग मात्र तोवर पूर्ण वेगात होता आणि त्याला मधे स्टॉप नाही. मी म्हणाले, "एवढाच पुळका आहे तर त्यांच्याच घरी जाऊन राहा."

"त्याच्या कशाला," सासूबाई म्हणाल्या, "मला माझं घर हाय की बेंबळीत." आणि उठून त्यांनी कपाटावरची पिशवी खाली काढली.

दुपारी आवराआवर सुरू झाली. त्यांची दोन लुगडी, चष्म्याची डबी, गुडघ्याचं मलम, सगळं पिशवीत गेलं. नवरा समजावायला गेला आणि परत आला. मला म्हणाला, "साडेपाचच्या गाडीनं चालल्यात. मी सोडायला जाणार नाही म्हणालो, तर रिक्षा करते म्हणाल्या." आणि पहिल्यांदाच 'जाऊ दे' म्हणाला नाही. मला रडू येत होतं. एक वाक्य परत घ्यायचं होतं आणि ते कसं घ्यायचं ते मला येत नव्हतं. सासूबाईंसमोर उभं राहायची हिंमत होईना, म्हणून चार वाजता मी आधी शेवटच्या घरी गेले. तिथली माफी त्यातल्या त्यात सोपी वाटली.

काका शेळीच्या खुरात अडकलेला काटा काढत होते. मी उभ्या उभ्या म्हणाले, "काका, माझं चुकलं. तुम्हाला चोर म्हणायला नको होतं."

त्यांनी वर पाहिलं नाही. "तसं चूक न्हाय. तिकीट न काढता बसलेला माणूस म्हंजी चोरच. म्याबी बत्तीस वर्षं तेच म्हणत आलो. म्हणून तर मला बोलता येईना."

"पण किल्लीचं का सांगितलं नाहीत? सगळ्यांसमोर बोलले मी. आत्या उघडतात एवढं सांगितलं असतं तर मी तिथेच गप्प झाले असते."

काटा निघाला. त्यांनी तो कागदात गुंडाळला. "मावशींनी शब्द घेतला व्हता. पहिल्याच दिवशी म्हणल्या, सुनेला सांगू नका. ती मनानं चांगली हाय, निस्ती रागाला लवकर येती. आपुन पाणी तोडलं व्हतं हे तिला उद्या आठवंल, तर तिलाच लई वाईट वाटंल. म्हणून म्या पाणी चालू ठिवती, राग उतरंपत्तर तिला कळायला नको."

मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. काकू पाणी घेऊन आल्या. ते आमच्याच बोअरचं पाणी होतं. काका अवघडून उभे राहिले आणि म्हणाले, "आन् पैशाचं म्हणाल तर, एकदा तोंडातनं न्हाय गेलं. मग व्हय म्हणायला कुणी इचारायला तर पायजे. तुमी नुसत्या नोटिसा धाडल्या."

मी डोळे पुसत सांगितलं, की आत्या चालल्यात. साडेपाचच्या गाडीनं, बेंबळीला. आणि मीच जा म्हणाले.

काकांनी घड्याळ बघितलं. ते घड्याळ बघतात तेव्हा अजूनही हात डोळ्यांपर्यंत नेतात. मग पायात चपला सरकवून ते माझ्या पुढे चालायला लागले.

सासूबाई फाटकापाशी पिशवी घेऊन उभ्या होत्या. नवरा हात मागे बांधून बाजूला.

"मावशी, कुठं निघालाव?"

"बेंबळीला."

"कोणत्या गाडीनं?"

"साडेपाचच्या."

"आज रविवार," काका म्हणाले. आवाज एकदम बसमधला, खणखणीत. "रविवारी साडेपाचची सोडत न्हाईत."

"कवापासनं?"

"झालं की दोन-तीन म्हैने. आता डायरेक उद्या सकाळीच."

सासूबाईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. माझे डोळे सुजलेले होते आणि नाक लाल झालं होतं. "तू म्हणतूस म्हंजी नसंल बाबा," त्या काकांना म्हणाल्या आणि पिशवी माझ्याकडे दिली. "जा, आत ठिव. च्या टाक समद्यांना."

मी पिशवी आत नेली. आत नेताना कपाटावर ठेवायची की रिकामी करायची हे कळेना, म्हणून माझ्या पलंगाखाली ढकलली. चहा ओतताना त्यांना म्हणाले, "आत्या, मी तसं बोलायला नको होतं." त्या म्हणाल्या, "साखर कमी टाकलीस." आमच्यात माफी इतकीच असते.

सोमवारी सकाळी सहाला मी फरशी उचलली आणि पहिली बारी शेवटच्या घराला लावली. सात वाजता काका आले. माझ्याच एका नोटिशीत घडी करून पैसे आणले होते. "दोन मानसांचं फुल हाय," ते म्हणाले. "बायांची सवलत धरली न्हाय. पर शेळ्यांचं लगेज देनार न्हाय, आदीच सांगतो." मी म्हणाले, शेळ्या आमच्यातर्फे.

ऑफिसात आमच्याकडे एक शिपाई मावशी आहेत. रोज बेंबळीहून ये-जा करतात. त्या दिवशी त्या खुर्चीत बसून पाय चोळत होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "काल लगनाला आल्ते इथं. जाताना साडेपाचच्या गाडीला ही गर्दी. बेंबळीपत्तर उभ्यानं गेले बघा."

"काल? रविवारी?"

"मग? ती गाडी रोजच असती की. कवा चुकली न्हाय."

मी आलेल्या कागदांवर नुसतेच शिक्के मारत राहिले. बत्तीस वर्षं लोक या माणसाला गाडी कधी, गाडी हाय का, विचारत आले आणि तो सांगेल त्यावर लोकांनी बाजार, कोर्ट, बाळंतपणं गाठली. गाडीबद्दल तो कुणाशी खोटं बोलला असेल असं मला वाटत नाही. काल बोलला, आणि तेही जिनं सकाळी त्याला चोर म्हटलं तिच्यासाठी.

घरी गेले तेव्हा सासूबाई ओसरीत तूर निवडत होत्या. मी शेजारी बसले. सांगावं की नाही, असं झालं. सांगितलं तर पिशवी पुन्हा निघेल, अशी भीती होती. पण घरात पुन्हा काही लपवलेलं मला नको होतं.

"आत्या," मी म्हणाले, "कालची साडेपाचची गाडी होती म्हणे."

त्यांनी मान वर केली नाही. एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मला म्हाईत हाय. लगीन होऊन आल्यापासनं त्या रस्त्यानं येती-जाती म्या."

"मग?"

"मग काय," सासूबाई म्हणाल्या. "कंडक्टरच न्हाय म्हणला, तर गाडीत चढायचं कसं?"